मालकाची आत्या आणि माझी गौर

अंधेरीत मरोळच्या अंगाला एक जुनं ख्रिस्ती गाव होतं. त्यातली निम्मी घरं पाडून तिथे तीन मजली बिल्डिंगा उठल्या. उरलेल्या निम्म्यात कौलं, क्रूस आणि डुकरं होती तशीच राहिली. आमच्या बिल्डिंगच्या मागून नदी जायची. जागा दाखवणारा दलाल म्हणाला होता, "नदीकाठची हवा आहे." हवा होती. साकीनाक्याच्या कारखान्यांनी पाणी सोडलं की ती हवा जेवताना घासाबरोबर पोटात जायची.

हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम. भाडं आम्ही देत होतो, पण बेडरूम आमची नव्हती. तिथे मालकाची आत्या राहायची. भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही, ही तेव्हा सगळ्या मालकांची भीती. म्हणून कोणी स्वतःचं कपाट आत ठेवायचा, कोणी पेट्या ठेवायचा. आमच्या मालकाने आत्या ठेवली. घरचं माणूस आत असलं की जागा ताब्यात राहते. दारावर आमचं नाव नाही. कोणी विचारलं तर मी आत्याला सांभाळणारी बाई, असं सांगायचं. आणि आत्याला एकटं सोडायचं नाही. हे कागदावर नव्हतं, तोंडी होतं. पण कागद अकरा महिन्यांचा होता, त्यामुळे तोंडीच जास्त पाळावं लागायचं.

नवरा सकाळी कारखान्यात जायचा. मी आणि म्हातारी दिवसभर आत. भाजीला गेले तर धावत परत. वाण्याकडे दोन बायका पुढे असल्या तरी जीव वरखाली. खालच्या मजल्यावरची गुजराती बाई माझ्या पगाराची चौकशी करायची. मी काहीतरी आकडा सांगायचे.

म्हातारी काही वाईट नव्हती, पण गोडही नव्हती. तिचं घर त्याच जागी होतं. ते पाडून भाच्याने बिल्डरकडून ही जागा घेतली. ती खिडकीत बसून म्हणायची, "माझं घर खाली होतं गो. आता मी त्याच्यावर टांगलीय."

"आणि मी तुमच्याबरोबर टांगलीय," मी म्हणायचे.

"तुला नवरा हाय. माझ्यापाशी ती नदी, न ती पण घाण."

लग्नानंतर माझा पहिला ओवसा राहिला होता. आमच्याकडे नवी सून पहिल्यांदा गौरीपुढे फळापानांनी भरलेली सुपं ओवसते, म्हणजे ओवाळते, ती गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. नाहीतर थांबायचं. मी थांबले होते. त्या वर्षी पूर्वात गौरी येणार होत्या आणि सासूचा गावाहून निरोप आला, सुनेला घेऊन ये, सुपं आणून ठेवलीत. ओवसा झाल्याशिवाय आमच्याकडे सून पुरती घरची होत नाही. वाडीतल्या बायका तिला लग्नकार्यात मागच्या रांगेत बसवतात. मी दोनदा बसले होते.

नवऱ्याने मालकाला विचारलं. मालक म्हणाला, "तुम्ही जावा. बाई इथेच राहणार. आत्या एकटी कशी राहील?"

"पाच दिवसांचा प्रश्न आहे," नवरा म्हणाला.

"पाच दिवस म्हातारी एकटी बघून कोणी घुसलं तर? तुम्ही भरून देणार काय?"

नवरा घरी येऊन खाली मान घालून बसला. मी म्हटलं, "मग भांडायचं होतंस ना."

"भांडून कुठे जायचं? तू सांग जागा, आत्ता भांडून येतो."

जागा मला ठाऊक नव्हती. तो गणपतीला गेला, मी राहिले.

त्यानंतर मी जे केलं ते डोकं शांत ठेवून केलं, कोणी संतापाने केलं म्हणू नये. गौर आणायच्या दिवशी नदीच्या पलीकडच्या काठाला तेरडा फुललेला होता. म्हातारीला बसवून मी गेले, तेरडा उपटला, हळदीची पानं भाजीवालीकडून आणली, आणि हॉलमध्ये पाटावर गौर बसवली. साडी माझी लग्नातलीच नेसवली.

म्हातारी बेडरूमच्या दारात काठी टेकून उभी. "ही कोण गो?"

"गौर. माहेरपणाला आलीय."

"बरं. जेवते काय?"

"भाजी-भाकरी. नुसतं बघते, जेवतो आपण."

ती हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

माझी चूक दुसरीच झाली. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सुपं आणली आणि हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका बोलावल्या. बायका आल्याशिवाय गौर कसली? गुजराती बाई आली, वरची मास्तरीण आली. मास्तरणीने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "अगं, कामाला राहिलेली बाई मालकाच्या जागेत कुठे गौर बसवते? जागा तुमचीच दिसते की." मला ते ऐकायला बरं वाटलं.

बायका गेल्यावर मी सुपं ओवसली. पहिलं सूप सासूच्या हातात द्यायचं असतं. सासू शेकडो मैलांवर. मी ते म्हातारीपुढे धरलं. तिला रीत माहीत नव्हती, तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि विचारलं, "आता मी काय करू?"

"काही नाही. बरं होवो म्हणा."

"बरं होवो," ती म्हणाली. तेवढ्यात मालक आत आला. त्याच्याकडे किल्ली होती, बेल तो वाजवत नसे.

त्याने आधी गौर पाहिली, मग दारातल्या रांगोळीवर आपलाच बूट पडलेला पाहिला. "हे काय? माझ्या जागेत देव बसवला?"

"दोन दिवसांची आहे. उद्या जाईल."

"उद्या जाईल ती. पण सगळी बिल्डिंग तिला बघून गेली ना? कोर्टात सगळ्या बायका सांगतील, यांचं घर, यांचा सण."

म्हातारी सूप न सोडता म्हणाली, "गौर माझी हाय. मी बसवली."

"तू? गळ्यात क्रूस घालून?"

"मग क्रूस काढू काय?"

तो तिच्याकडे पाठ करून वळला. मला म्हणाला, "नवरा आला की सामान काढा."

दुसऱ्या दिवशी मी गौर त्या नदीत सोडली. ती गेली नाही, काठाच्या तेलकट फेसात अडकली. काठीने ढकलावी लागली.

आम्ही मुलुंडला एका खोलीत गेलो. संडास सामाईक, पण बाहेर जाताना कोणाला विचारायचं नव्हतं. निघताना म्हातारी खाटेवर बसली होती. "आता भाचा कोणाला आणील?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

सासूला हे कळलं तेव्हा तिने वाडीसमोर सांगितलं, "परक्या दारात, परक्या बाईच्या हातात सूप दिलं. तो ओवसा नव्हे. तिलाच सासू म्हण जा." काही वर्षांनी परत पूर्वात गौरी आल्या तेव्हा तिने सुपं आणली आणि मला पुढे बोलावलं. मी म्हटलं, माझं झालंय. नवऱ्याने खूप समजावलं. मी उठले नाही. मागच्या रांगेत बसायची मला सवय झाली होती, आणि तिथून सगळं नीट दिसतं.