सासऱ्यांचं जांभूळ

फाल्गुनात एका मंगळवारी सकाळी माझे सासरे गेले. दुपारी डोंगराला वणवा लागला.

पोलादपूरकडच्या डोंगरात माणसांपेक्षा झाडांना जास्त ओळखणारा त्यांच्याएवढा दुसरा कोणी झाला नसेल. कमरेला गोणी शिवायचा दाभण असे. तो प्रत्येक झाडाच्या सालीत टोचून ती किती जाड आहे ते बघायचे आणि झाड वणव्यात टिकेल की नाही, ते वहीत लिहायचे. सासूबाई म्हणत, "झाडांच्या नाड्या बघत फिरतो, माजा ताप कदी बगितला नाय." नवे पैसे आले त्या वर्षी मी महाडहून मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे खाताना त्यांनी मला निरखलं. "मास्तर, तुमी जांभूळ. साल पातळ. पयल्या आगीत आटपंल." तरी मुलगी दिली.

गवताला नवे कोंब फुटावेत म्हणून सगळे दरवर्षी डोंगर जाळत. सासऱ्यांनी मात्र स्वतःचा अर्धा एकर कधी जळू दिला नाही. "पाऊस हितं रान मागतो, आग गवत मागते. मी एवडा तुकडा पावसाला दिलाय." शेजारी राहणारा त्यांचा चुलतभाऊ चिडवायचा, "दादा, बैलांना काय तुजी वही घालू?" पण तुकड्यात करवंदी आली, ऐन आला, एक जांभूळही आलं. दर माघात ते तुकड्याभोवतीचा पट्टा आधीच जाळून घेत, म्हणजे वणवा तिथे थांबे. एकदा त्यात त्यांचं धोतरच पेटलं. आम्ही धावलो, तर ओरडले, "मला काय बगता! जांभूळ बगा!"

शेवटच्या माघात ते अंथरुणावर होते. पट्टा राहून गेला. आम्ही नदीवर त्यांना निरोप देत होतो, तेव्हा वर धूर दिसला. चुलतभाऊ ओरडला, "दादाचा तुकडा गेला रे!"

तेरावं झाल्यावर मी वही घेऊन वर गेलो. कुंभ्याच्या झाडापुढे 'राहील' लिहिलं होतं. तो काळाठिक्कर होऊन उभा होता. ऐनही. जांभळापुढे 'जाईल' होतं. ते जळून कोळसा झालं होतं. एकही अंदाज चुकला नव्हता.

श्रावणात पुन्हा गेलो, तर जांभळाच्या बुंध्याशी, जमिनीलगत, तांबूस पानं फुटली होती. आपली चूक सापडली म्हणून सर्वांत जास्त खूश तेच झाले असते. लगेच दाभण काढला असता.

आता माघात पट्टा मी आणि चुलतभाऊ जाळतो. वहीत 'जाईल' तसंच आहे. जांभूळ माझ्या छातीपर्यंत आलंय.