केळीच्या वाडीतला तिसरा बॉक्स

तिसऱ्यांदा तीच तक्रार आली तेव्हा मी नालासोपाऱ्याच्या ऑफिसात चहा पीत होतो. स्क्रीनवर गास गावच्या राऊतांचं कनेक्शन उघडलं. तीन बॉक्स. दोन हिरवे, तिसरा राखाडी. राखाडी म्हणजे ऑफलाइन. कप हातात धरूनच मी तक्रार बंद केली. कारणांच्या यादीत पाच-सहा पर्याय असतात, त्यातला एक निवडावा लागतो. मी निवडला : 'ग्राहकाने उपकरण बंद ठेवले.' आधीच्या दोन्ही वेळीही हाच निवडला होता.

त्या कारणाबद्दल मला लिहायचं आहे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एका लहान इंटरनेट कंपनीत कंत्राटावर फील्ड सुपरवायझर म्हणून लागलो. पगाराची तशी निकड नव्हती. पत्नी गेली, मुलगी बंगलोरला, आणि वसंत नगरीतल्या फ्लॅटमध्ये सकाळचे दहा वाजले की पुढे काय करायचं ते समजत नसे. कामावर निदान कोणीतरी विचारायचं, शिंदे कुठे आहेत?

गासचं काम फेब्रुवारीत आलं होतं. जगन्नाथ राऊत, वय अठ्ठ्याहत्तर, गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत. मुलगा हेमंत ऑस्ट्रेलियात. त्याने रस्त्याच्या कडेला दोन मजली घर बांधलं होतं, इंटरनेट त्या घरात होतं. पण भाऊ तिथे राहत नव्हते. ते मागे वाडीत, विहिरीजवळच्या दोन खोल्यांच्या जुन्या कौलारू घरात राहत. नव्या घराच्या फरशीवर पाय घसरतो असं कारण सांगत. मला वाटतं, तिथे बोलायला कोणी नाही हे खरं कारण. वाडीत निदान पंप होता, पानवेली होत्या, येणारेजाणारे होते.

हेमंत रोज दुपारी दीडला व्हिडिओ कॉल करायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ. तो कामावरून येऊन जेवायला बसे, हे इथे जेवायला बसत. टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि दोघांनी आपापलं ताट संपवायचं. पण वाय-फाय जुन्या घरापर्यंत पोचत नव्हतं. मग भाऊ ताट घेऊन ऊन असो, चिखल असो, नव्या घराच्या मागच्या पायरीवर जाऊन बसत. हेमंतला ते बघवेना. त्याने मेश सिस्टिम घेतली आणि ती बसवण्याचं काम आमच्याकडे दिलं.

मेश म्हणजे काय ते सांगतो. एक राउटर म्हणजे एक दिवा. त्याचा उजेड दोन-तीन भिंतींपलीकडे जात नाही. मेशमध्ये सारखे दोन-तीन बॉक्स असतात. पहिल्याला इंटरनेटची वायर जोडतात. दुसरा पहिल्याचा सिग्नल पकडून पुढे देतो, तिसरा दुसऱ्याचा. घरभर एकच नाव, एकच पासवर्ड. सगळा खेळ दोन बॉक्सच्या मधल्या दुव्याचा असतो. हा दुवा वायरचा असला तर पक्का. बिनवायरीचा असला तर सोयीचा, पण मध्ये काय येतं त्यावर अवलंबून.

पहिला बॉक्स मी नव्या घरात वर बसवला, दुसरा खाली मागच्या खिडकीत. तिसरा जुन्या घरात, बटणांच्या बोर्डाशेजारच्या फळीवर. भाऊ सगळं बघत होते.

"तीन डबे," ते म्हणाले. "एकात तरी खायचं काय आहे का?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या बॉक्समध्ये चाळीसेक पावलांचं अंतर होतं. मधली केळीची बाग नुकतीच काढलेली. मोकळी जमीन आणि गुडघ्याएवढे मुनवे, म्हणजे केळीच्या कंदातून फुटणारी पिल्लं. या खिडकीतून ती खिडकी स्वच्छ दिसत होती. मी फोनवर वेग मोजला. उत्तम आला.

तेव्हा भाऊंनी विचारलं होतं. पंपाच्या पाइपसाठी चर खणलेला होता, काळा पाइपही शिल्लक होता. "यातून वायर टाकायची तर आताच टाका. चर उद्या बुजवनार आहे."

वायर आमच्या गाडीत होती. पण पाइपातून ओढून दोन्ही टोकं बांधायला उरलेला दिवस गेला असता आणि त्या दिवशी माझ्या यादीत अजून तीन घरं होती. मी म्हणालो, "भाऊ, आता कशाला वायर? आता सगळं वायरलेस."

ते हसले. "तुम्ही म्हनाल तसं. पन इथं केळी येनार हां."

मी ऐकलं होतं. तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस मी, झाडाने लाइन खराब होते हे मला शिकवायला नको होतं. पण फांदी तारेला घासते ते माझ्या ओळखीचं होतं. पानाने हवेतला सिग्नल अडतो, हे डोक्यात बसलेलं नव्हतं. केळीचं पान म्हणजे पाण्याने भरलेली चादर. वाय-फायच्या लहरी पाण्यात जिरतात. त्यावर पाऊस पडला की आणखी जिरतात.

जुलैत पहिली तक्रार आली. मी ऑफिसातूनच तपासलं. तिसरा बॉक्स सकाळी दिसायचा, दुपारी नाहीसा, संध्याकाळी पुन्हा हजर. कोणीतरी बटण चालूबंद करत असावं असंच वाटे. आज कळतं की वाऱ्याने पानं हलली की सिग्नलला फट मिळत असेल. पण बॉक्सची वीज गेली काय आणि त्याच्यापर्यंत सिग्नल पोचला नाही काय, ऑफिसच्या स्क्रीनवर दोन्ही राखाडीच दिसतं. दोन्हींतला फरक कळायला तिथे जावं लागतं. मी गेलो नाही. गास ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर आहे.

कनेक्शन हेमंतच्या नावावर होतं. तक्रार बंद झाली की कारणासकट मेसेज त्याला जायचा. तीन वेळा त्याला तेच वाक्य गेलं. भाऊंना दिवे-पंखे बंद करत फिरायची सवय होती, ती त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याने लगेच विश्वास ठेवला. वडलांना फोन केला. काय बोलणं झालं ते मला नंतर समजलं.

सप्टेंबरात भाऊ स्वतः ऑफिसात आले. एसटीने, छत्री आणि पिशवी घेऊन. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ते समोरच्या खुर्चीत बसले, पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि टेबलावर पसरलं. जुलैपासून रोजच्या चौकोनात पेन्सिलने खूण होती. फुली म्हणजे दीड वाजता बॉक्सचा दिवा लाल. बहुतेक फुल्याच होत्या.

"मी बटन बंद करत नाय," ते म्हणाले. "येऊन बघा."

मी म्हणालो, येतो की, त्यात काय. ते उठले नाहीत. मी कागदपत्रं आवरली, स्कूटर काढली, तेव्हा कुठे ते उठले आणि छत्री-पिशवी घेऊन मागे बसले.

वाडीत शिरलो आणि मला काही तपासायची गरज उरली नाही. केळी माझ्या डोक्यावर चार हात गेल्या होत्या. नव्या घराची खिडकी दिसतच नव्हती. हातात फोन धरून चालत गेलो. सिग्नलच्या चार कांड्या, तीन, एक, काही नाही.

जुन्या घरात गेलो. तिसरा बॉक्स फळीवर होता तिथेच. शेजारच्या बोर्डावरचं त्याचं बटण खाली दाबलेलं, म्हणजे चालू, आणि त्यावर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी. एकावर एक, चार-पाच थर. कोणालाच ते बटण हलवता येऊ नये म्हणून.

"हेमंतला फोटो पाठवला होता," भाऊ म्हणाले. "तो म्हनाला, आता पट्टी लावलीत, आधी काय?"

त्यानंतर रोजचा कॉल बंद झाला होता. रविवारी यायचा, कामापुरता.

दुसऱ्या दिवशी मी वायर घेऊन गेलो. चर केव्हाच बुजलेला. भाऊंनी कुदळ काढली, मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आम्ही पुन्हा खणला. संध्याकाळी वायर पाइपातून पलीकडे पोचली. तिसऱ्या बॉक्सचा दिवा पांढरा झाला. तो पुन्हा कधी लाल झाला नाही.

हात धुताना मी सांगितलं, "भाऊ, चूक केळीची. म्हणजे माझी. तुम्ही सांगितलं होतंत."

"माझी नव्हती ना?"

"नाही."

"मग त्याला सांगाल?"

"सांगतो," मी म्हणालो.

ऑफिसात मी मॅनेजरला सगळं सांगितलं. तिशीतला मुलगा, मला काका म्हणायचा, वाईट नव्हता. मी म्हटलं, तीन तक्रारींची कारणं चुकीची आहेत, उघडून दुरुस्त करू. त्याने स्क्रीनवर तिन्ही नोंदी वाचून काढल्या.

"काका, बंद केलेल्या तीन उघडल्या तर वरून विचारणार, न जाता बंद कोणी केल्या? नाव तुमचं येणार. मार्चमध्ये तुमचं कंत्राट संपतंय ना?" मग समजुतीने म्हणाला, "नवीन नोंद करा. अपग्रेड म्हणून. काम तर झालंय. कस्टमर खूश, विषय संपला."

मी 'अपग्रेड' अशी नोंद केली. हेमंतला मेसेज गेला की आपल्या मागणीनुसार काम पूर्ण झालं. मला त्याला वेगळा फोन करता आला असता. नंबर समोर होता. पण फोन केला तर तो लेखी मागेल, लेखी दिलं तर कंपनीत येईल, कंत्राट जाईल आणि मी पुन्हा सकाळी दहा वाजता त्या फ्लॅटमध्ये बसेन. मला पैशांपेक्षा त्या दहा वाजण्याची भीती होती. हे कारण आहे. त्याने काही कमी होत नाही.

महिन्याभराने गासला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, वाटेत भाऊंकडे डोकावलो. दुपारची वेळ. ते ताट घेऊन बसले होते, टॅब समोर तांब्याला टेकवलेला. स्क्रीन काळी. मी सरळ फळीकडे गेलो. दिवा पांढरा होता. छान चाललंय म्हणालो.

"चालतंय," ते म्हणाले. "सांगितलंत ना त्याला?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "काय बोलला नाय तो मला."

मी म्हटलं, कामात असेल. आणि निघालो.

पुढच्या मे महिन्यात भाऊ गेले. झोपेत गेले असं कानावर आलं. मी गेलो नाही. पंधरवड्याने कनेक्शन बंद करून बॉक्स काढून देण्याचं काम आलं, ते मात्र मी स्वतःकडे घेतलं. हेमंत वाडीतच होता. माझ्या मुलीच्या वयाचा, डोक्याचे केस काढलेले. मला त्या बोर्डाजवळ घेऊन गेला आणि पट्टीवर बोट ठेवून जरासा हसला.

"बाबांची खोड. बंद करायचे आणि कबूल करायचे नाहीत."

मी त्याला बाहेर नेलं. वायर काढून तिसरा बॉक्स पहिल्यासारखा बिनवायरीचा केला, फोन त्याच्या हातात दिला आणि केळींतून चालायला सांगितलं. तो विहिरीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग मी त्याला चर, वायर आणि ती तीन कारणं, सगळं सांगितलं. त्याने फोन मला परत दिला. मग त्याने विचारलं, "हे बाबांना माहीत होतं?"

"हो. दुरुस्त केलं त्या दिवशी मीच सांगितलं."

"मग ते मला का नाही बोलले?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

मला माहीत होतं. ते बोलले नाहीत, कारण हेमंतने सगळं ऐकलं आहे असं त्यांना वाटत होतं. मी तसं सांगितलं होतं. सगळं कळूनही मुलगा आपल्याला एक शब्द बोलत नाही, अशा समजुतीत त्यांनी ते सात-आठ महिने काढले. केळीची चूक कोणाच्याही हातून झाली असती. हे 'हो' माझं एकट्याचं.

मार्चमध्ये वाढवलेलं कंत्राटही आता संपलं. मी घरीच असतो. माझ्या फ्लॅटमध्ये दोन बॉक्सचं मेश आहे, बाल्कनीतसुद्धा पूर्ण सिग्नल येतो.

हे सगळं लिहून मी छापायला देण्याआधी हेमंतला पाठवलं आणि त्याची हरकत असेल तर देणार नाही असंही कळवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. छापा, असं त्याने लिहिलं होतं. आणि खाली एक ओळ : 'तुम्ही महिन्याभराने गेलात तेव्हा बाबा काय जेवत होते?'

मी खूप आठवायचा प्रयत्न केला. तिकडे घरात साठवणीचा वाल असतो, सुकट असते. वालाचं बिरडं आणि भात लिहिलं असतं तर ते बहुधा खरंही निघालं असतं, आणि त्याला बरं वाटलं असतं. मी लिहिलं, 'ताट समोर होतं. मी पाहिलं नाही. मी बॉक्सचा दिवा बघत होतो.'

कोणाच्या वाडीत मेश बसवायचं असेल तर एवढंच सांगेन, की केळीतून बिनवायरीचा दुवा नेऊ नका. चर उघडा असतानाच वायर टाकून घ्या. आणि स्क्रीनवर बॉक्स राखाडी दिसला तर कारण निवडण्याआधी तिथे जाऊन या.