भिंतीपलीकडचा खोकला

आधीच सांगते, मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. अमावस्येला केस धुते, तिन्हीसांजेला झाडूही मारते. असले अनुभव कुणी सांगितले की मी हसायचे... आता हसत नाही.

माझं माहेर दौंड तालुक्यात, पाटसजवळ. सासर कवठे येमाई. यांना सणसवाडीत कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही तिथे चाळीत खोली घेतली. वर पत्रा, ओळीतली शेवटची खोली. मागच्या भिंतीला पूर्वी खिडकी होती, पण मागे अजून खोल्या काढायच्या म्हणून मालकांनी ती विटांनी बुजवलेली. दार लावलं की दिवसासुद्धा बल्ब लागायचा. पावसाळ्यात भिंतींना ओल आली आणि अंथरुणा-कपड्यांना कुबट वास बसला.

श्रावणातली दुपार होती. हे फर्स्ट शिफ्टला गेलेले. मी तांदूळ निवडत होते आणि त्या बुजवलेल्या खिडकीपलीकडून कुणीतरी खोकलं. पुरुषाचा आवाज. दोन तुटक ठसके, मग एक लांब, छाती पिळून काढणारी उबळ... आणि शेवटी दमून "आई गं."

वाटलं, असेल कुणी बिगारी. पण तो खोकला रोजच यायला लागला. शेवटी वळसा घालून मागे गेले, तर कमरेएवढं गाजरगवत आणि चिखल. चिखलात एकही पाऊल उमटलेलं नाही.

मालकांना विचारलं, "आप्पा, मागं कोण राहतं?"

"मागं कोन राहनार? आजून पाया बी न्हाई खांदला."

"आधी या खोलीत कुणी... वारलं वगैरे?"

आप्पा दुखावले. "काय बोलता ताई! समदी धडधाकट गेली हितून."

शेजारच्यांनीही तेच सांगितलं. यांच्यासमोर तर तो आवाज कधी आलाच नाही. "दिवसभर एकटी असती, भास होत्यात तुला," म्हणून हे हसले.

दिवाळीच्या थोडं आधी हे शिफ्टवरून आले, बूट काढायला वाकले आणि खोकले. दोन तुटक ठसके. एक लांब उबळ. मग भिंतीला हात टेकून — "आई गं."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. इतके दिवस मी यांचाच खोकला ऐकत होते... यांना व्हायच्या आधी!

"अहो, उद्या दवाखान्यात जायचं."

"कंपनीतली धूळ हाय गं. जाईल दोन दिसांत."

मी रडायलाच लागले, म्हणून हे आले. शिरूरला एक्स-रे झाला, थुंकी तपासली. टीबी निघाला.

"लवकर आलात, गोळ्या पूर्ण केल्या की बरे होतील," डॉक्टर म्हणाले. मग मला विचारलं, "खोलीला खिडकी आहे?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"कोंदट जागेत एकाचं दुखणं दुसऱ्याला लवकर धरतं. तुम्हीही तपासून घ्या. आणि जागा बदला."

माझी तपासणी चांगली आली. आम्ही कवठ्याला गेलो. सासूबाईंनी यांचा पलंग ओसरीवर टाकला. यांनी गोळ्या पूर्ण केल्या, आता ठणठणीत आहेत.

इथे संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं.

उन्हाळ्यात मी आप्पांकडे ठेवलेलं कपाट आणायला गेले. आमच्या खोलीत लातूरकडचं नवं जोडपं आलं होतं. त्या मुलीनं आग्रहानं चहाला बसवलं. मी म्हटलं, "दार उघडं ठेवत जा गं, खिडकी नाही इथे." एवढंच बोलले होते.

तर ती म्हणाली, "ताई, मागं कुनाचं लेकरू ऱ्हातंय का हो? दुपारचं लई खोकतंय. ऐकून जीव कासावीस होतो."

मी विचारलं, "तुला मुलं आहेत?"

तिनं लाजून पदर सारखा केला. "पाचवा लागलाय."

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पोटुशी बाईला घाबरवू नये, कळत होतं. पण गप्प बसवेना. त्याच आठवड्यात त्यांनी खोली सोडली, खिडकी असलेली दुसरी बघितली. तिला मुलगी झाली. गुटगुटीत आहे म्हणतात.

ओल, कोंदट हवा, जंतू... आजाराचं कारण डॉक्टरांनी नीट समजावलं. त्या आवाजाचं कारण मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तिचा अधूनमधून फोन येतो. मी लगेच बोलत नाही. मागे बाळ कसला आवाज करतंय, ते आधी ऐकते.