कडी नसलेला रुपया

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे पितांबर सोनाराचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवरच उभं राहायचं. सोन्याचं गिऱ्हाईक मोठ्या पेढ्यांनी केव्हाच ओढून नेलं. पितांबरकडे उरलं ते सातपुड्यातल्या बायांचं काम, म्हणजे त्यांच्या हारासाठी चांदीच्या जुन्या रुपयांना कडी जोडायचं. उभी हयात त्यानं हेच केलं आणि मजेत केलं.

या सुखात माती कालवली नाणी जमवणाऱ्या एका पाहुण्यानं. त्यानं भिंग धरून दाखवलं, की पंचम जॉर्जच्या रुपयावर तळाच्या फुलात बारीक टिंब असेल तर तो मुंबईच्या टाकसाळीतला, नसेल तर कलकत्त्याचा. ज्या साली जिथं नाणी कमी पाडली, तिथल्या खुणेला भाव; अशी सालंही त्यानं सांगितली. पण नुसत्या खुणेनं भागत नाही. मुकुटाची नक्षी शाबूत हवी, नाणं चिंच लावून घासलेलं नको. आणि कडी जोडलेलं?

"ते चांदीच्या वजनानंच जायचं," पाहुणा म्हणाला आणि चहा पिऊन चालता झाला.

पितांबरला वाटलं, आपण जन्मभर काय करत आलो! तेव्हापासून तो हाती येणारा प्रत्येक रुपया भिंगाखाली धरू लागला. "पोरगी पाहायला बसल्यासारखे काय बसता?" म्हणून बायको धनुबाई चिडवायची. पण येणारे रुपये सगळे गुळगुळीत. राजाला धड नाकसुद्धा उरलेलं नसायचं.

होळीच्या आधी मोलगीकडून गजराबाई आली. ती जुनी गिऱ्हाईक, बाजारात अहिराणीच बोलायची. होळीनंतर तिच्या लेकीचं, शीलाचं लग्न होतं. पदराच्या गाठीतून तिनं एक रुपया काढून दिला.

"शेठ, याले कडी लाव. पोरना हारमा घालना शे."

पितांबरनं भिंग लावलं. मुकुटाची नक्षी जशीच्या तशी, फुलात टिंब, आणि साल नेमकं पाहुण्यानं सांगितलेलं. असं नाणं त्याच्या हाताला जन्मात लागलं नव्हतं. गुपचूप दुसरा रुपया कडी लावून दिला असता तर गजराबाईला पत्ताही लागला नसता. हा विचार मनात आला, नाही असं नाही. पण त्याची त्यालाच लाज वाटली आणि त्यानं सगळं उलगडून सांगितलं.

"कडी लावी का याना भाव गया. नंदुरबारले इकी टाक, गजराबाई. तुन्हा घरवर नवा पत्रा पडी. हारले मी दुसरा रुपया देसू."

गजराबाईनं नाणं परत हातात घेतलं.

"हाऊ मन्ही मायना रुपया शे," ती म्हणाली.

आईच्या लग्नात आईच्या बापानं तो दिला होता. पुढच्या बाजाराला कडी लावून आणू, असं ठरलं होतं. तो बाजार लांबत गेला आणि गजराबाईच्या जन्माच्या वेळीच आई गेली. आजीनं रुपया चिंधीत बांधून कोठीत ठेवला. गजराबाईच्या लग्नातही तो बाहेर काढायचा आजीला धीर झाला नाही.

"शेठ, मायले घालाले भेटनाच नही, म्हनीसन तो असा कोरा शे," गजराबाई म्हणाली. "आते मन्ही पोर झिजाडी तेले."

पितांबरला गलबलून आलं. ज्या कोरेपणाचा भाव तो सांगत बसला होता, तो कशामुळे राहिला हे त्याला आता कळलं. घासून नाक गेलेले ते सगळे रुपये कुणाकुणाच्या गळ्यात नांदले असतील, तेही डोळ्यांपुढे आलं.

"बस," पायरीकडे हात करत तो म्हणाला.

जोड नीट धरावा म्हणून त्यानं टाकणखार लावला, बत्ती पेटवली आणि कडी अशी जोडली, की शीलाच्या नातीच्या गळ्यातही ती सुटू नये.