पपईची पहिली फोड

पिकल्या पपईवर सुरी फिरली की एक दमट, गोडसर, किंचित उग्र गंध स्वयंपाकघरातून बाहेर येई. चामराजपेटच्या आमच्या घरात सकाळ त्या गंधानेच उजाडे. बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला, डॉक्टरांनी फळे-भाज्या वाढवायला सांगितल्या, आणि आईने ते व्रतच घेतले. बाजारात ती कोवळा पडवळ, तजेलदार लाल माठ एकेक करून निवडी. भाजीवाला म्हणे, "अक्का, स्वल्प बाकीच्यांनाही ठेवा!"

ताटातला हिरवा ढीग पाहून बाबा कुरकुरत, "मला गाय समजतेस काय?"

"गाय निमूट खाते तरी," आई म्हणे.

ती शेवटी जेवायला बसे. तोवर कढईत भाजीची फक्त ओल उरलेली असे. तीत ती भात कालवी, वर लोणच्याचा खार घेई. पपईच्या सालीला राहिलेला गर दातांनी खरवडून खाई. तिला तसेच आवडते, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराचा झटका आला, तो आईला. मी व्हाइटफील्डच्या माझ्या घरून इस्पितळात पोचले, तेव्हा आहारतज्ज्ञ बाई तिला कन्नडमध्ये विचारत होत्या, "अम्मा, रोज कोणत्या भाज्या असतात?"

नाकातली नळी सावरत आई अभिमानाने सांगू लागली. माठ, पडवळ, दोडका, घेवडा. शेजारी बाबा मान डोलावत होते.

"हे झालं तुम्ही शिजवता ते," बाई हलकेच म्हणाल्या. "तुम्ही खाता काय?"

आई ओशाळून हसली. चादरीची किनार बोटाभोवती गुंडाळत राहिली. बाबांची मान थांबली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः पपई चिरून आणली. आयुष्यात कधी सुरी न धरलेल्या हातांच्या त्या जाडजूड, वेड्यावाकड्या फोडी. एकीला काळी बी तशीच चिकटलेली. सकाळच्या वेळी वॉर्डात एकालाच सोडत. दारात माझ्या हाती डबा देत ते म्हणाले, "पहिली फोड तिला दे. मी दिली म्हणून सांग."

आईची ती अखेरची सकाळ होती. आम्हाला ते ठाऊक नव्हते.

मी डबा उघडला. औषधांच्या वासावर आमच्या घराचा गंध पसरला. फोड तिच्या ओठांशी नेली, तर तिने ओठ मिटून घेतले, दाराकडे पाहिले आणि अगदी क्षीण आवाजात विचारले,

"ह्यांना?"