रत्नम्माची तांबूस काच

लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, तेव्हाची गोष्ट. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे शिवमूर्ती सर मागच्या खोलीत गंजाच्या काचा करत. काच तापवायची, तिच्यावर लोखंडाच्या क्षाराचं पाणी फवारायचं, तांबूस थर बसला की ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उभी करून समोर उन्हाऐवजी प्रोजेक्टरचा दिवा लावायचा. थोडा विजेचा टेकू दिला की उजेडाच्या जोरावर पाणी फुटे आणि पलीकडच्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे धरत. उद्या उन्हावर असं इंधन मिळेल, हे सरांचं वेड. पण त्यांच्या काचेचे बुडबुडे इतके थोडे, की पाहुण्याला भिंग द्यावं लागे.

"प्यायला घोटभर न्हाई आन् तुमी हाय ते पाणी फोडून राहिले," टँकरवरून घागर आणताना गौरम्मा, त्यांची बायको, म्हणायची.

त्याच साली रत्नम्मा कॉलेजात शिकवायला लागली. देगलूरची, सरांचीच जुनी विद्यार्थिनी.

"सर, फवाऱ्यात चिमूटभर टिटॅनियम घालून बघू का?"

"बघ की," सर हसून म्हणाले. ते त्यांनीही करून पाहिलं होतं, काही जमलं नव्हतं.

तिला जमलं. एका दुपारी काचेतली वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा असा सरकला, की तिनं वर्गातून सरांना ओढत आणलं. तारेवर बुडबुड्यांची माळ लागली होती.

"छान," सर म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना चहा गोड लागेना. शिपाई बसलिंगप्पा येईल त्याला "मॅडमची काच" दाखवायचा. नव्या जिल्ह्याच्या प्रदर्शनाला कलेक्टर येणार होते; प्राचार्यांनी परस्पर सांगून टाकलं, रत्नम्माची काच पुढं मांडा. इतकी वर्षं हात भाजून घेतले आम्ही, आणि मानाचा पाट हिला!

मग त्यांच्या मनात आलं, दिवाच जास्त तेज असला तर? ऊन म्हणून लावलेल्या दिव्याचा उजेड उन्हाच्या दुप्पट असला, तर काटा पळणारच. ते तडक प्राचार्यांकडं गेले. "रत्नम्माचे आकडे खोटे हायत. मोजून दाखवतो."

उजेड मोजायचं यंत्र नांदेडला एका मित्राकडं होतं. सर स्वतः एसटीनं जाऊन ते घेऊन आले. परतताना यंत्र मांडीवर होतं आणि कित्येक दिवसांनी त्यांना गाडीत गाढ झोप लागली.

प्राचार्यांसमोर मोजणी झाली. दिवा खरंच उन्हाच्या दुप्पट निघाला. रत्नम्माचा चेहरा उतरला.

"बघा!" सर म्हणाले.

"बघितलं," प्राचार्य म्हणाले. "पण शिवमूर्ती, तुमची काच कोणत्या दिव्यावर मोजली होती?"

सरांनी दिव्याकडं पाहिलं. दिवा तोच. त्यांनीच बसवलेला.

उजेड उन्हाइतका होईपर्यंत दिवा मागं सरकवून दोन्ही काचा पुन्हा लावल्या. रत्नम्माचा काटा निम्म्यावर आला. सरांचा हलला की नाही, हे वाकून पाहावं लागलं.

रत्नम्मानं प्रदर्शनाच्या तक्त्यावरचे आकडे खोडून खरे लिहिले. मग म्हणाली, "सर, थर एकसारखा तुमचाच बसतोय. माझा कडेला फुटतोय. फवारा तुमी मारता का?"

सर घरी गेले. गौरम्माला म्हणाले, "पोरीच्या वाईटावर टपलो होतो मी."

"मग आता काय करता?"

"फवारा मारा म्हणून राहिली."

"मारा की मग," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फवारा मारला. थर एकसारखा बसला, काटा आणखी थोडा पुढं गेला. प्रदर्शनात कलेक्टरांनी विचारलं, "ही कोणाची?" रत्नम्मानं सरांकडं पाहिलं.

"तिची," सर म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तिलाच. तरी ते तिथून हलले नाहीत. दिवा गरम झाला होता, त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत उभे राहिले.