निवांत सहलीची रंगीत तालीम

माझा मोठा भाऊ रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. त्या कारखान्यात आजवर एकदाही आग लागलेली नाही, पण आग लागल्यावर काय करायचं याची तालीम इतक्या वेळा झाली आहे की भोंगा वाजला की कामगार डबे हातात घेऊनच मैदानातल्या झाडाखाली जाऊन बसतात. गप्पा होतात, डबे संपतात, मग दादा शिट्टी फुंकतो आणि सगळे वाचल्याचं जाहीर करतो. या हिशेबाने त्याने आत्तापर्यंत निम्मं शहर वाचवलं असेल.

घरीही तीच तऱ्हा. गॅसच्या बटणावर लाल पट्टी, जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी. वहिनीने एकदा वैतागून विचारलं, "लग्नाआधी माझीही तपासणी केली होतीस का रे?"

"केली होती ना," दादा गंभीरपणे म्हणाला, "तुमच्या माडीला कठडा नव्हता. तरी मी हो म्हटलं."

त्याला हसणं सोपं आहे, मीही हसते. पण आमचे बाबा घरातच गेले. दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि पडले ते पडलेच. दादा त्या वेळी कारखान्यात कामगारांना शिडी कशी धरावी ते शिकवत होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दादा तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पितो.

तर अशा या माणसाने एका रविवारी जाहीर केलं, की आईला परदेशात फिरायला न्यायचं. "एकदम निवांत. घाई नाही, दगदग नाही. आईला हवं ते बघायचं." आणि तो आईकडे वळला. "सांग, काय बघायचंय तुला?"

आई म्हणाली, "खिडक्या."

इथे आईबद्दल सांगायला हवं. आईने जन्मभर पडदे शिवले. आजही कॉलनीत तिला कोणी नावाने ओळखत नाही, पडदेवाल्या काकू म्हणूनच ओळखतात. लोकांच्या घरी जायचं, खिडकीचं माप घ्यायचं, घरी येऊन शिवायचं, परत जाऊन पडदा चढवायचा. पडदा नीट पडला की काम संपलं. घरवाले खूश होऊन तो ओढून घेत आणि आई बाहेर पडे. खूप वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईक बाईने तिला सांगितलं होतं, की माझा मुलगा राहतो त्या शहरात कालव्याच्या काठाने घरं आहेत, आणि तिथे कोणी पडदेच लावत नाही. संध्याकाळी दिवे लागले की जेवणारी, वाचणारी, भांडणारी माणसं रस्त्यावरून दिसतात, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

"तुमच्या पोटावर पाय आणणारं शहर!" असं म्हणून ती बाई हसली होती. आई हसली नव्हती. तिच्या डोक्यात ते शहर जाऊन बसलं ते बसलंच.

"आयुष्यभर लोकांची घरं झाकत आले," ती दादाला म्हणाली. "एकदा उघडी बघायची आहेत. काठावर बसून, संध्याकाळी. बास, बाकी काही नको."

दादाने मान डोलावली आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तक्ता लागला. त्यात सगळं होतं. 'निवांत बसणे' हेसुद्धा होतं, रोज दुपारच्या जेवणानंतर, दादाच्या देखरेखीखाली. फक्त कालव्याकाठचा तो रस्ता नव्हता.

"त्याला कठडा नाहीये, आई. मी फोटो बघितलेत. दगड उंचसखल, शेजारी पाणी आणि संध्याकाळचा उजेड कमी. त्याऐवजी संग्रहालय घेतलंय. तिथे लिफ्ट आहे."

आई हूं की चूं करेना. ती पडद्याच्या कापडाला कात्री लावण्याआधी अशीच गप्प बसायची.

मग तालमी सुरू झाल्या. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक लावून विमान झालं. आईला खिडकीजवळची, म्हणजे फ्रीजजवळची जागा मिळाली. बराच वेळ बसून राहायचं, मध्येच उठून पाय मोकळे करायचे. दादाने हवाई सुंदरीचं काम वहिनीला दिलं, तेव्हा ती म्हणाली, "चहा हवा असेल तर विमान ओट्यापर्यंत घेऊन या."

वहिनी सहलीलाही येणार नव्हती. "मला खरंच आराम करायचाय," ती म्हणाली, "म्हणून मी घरी थांबते."

रोज सकाळी सामानासह चालण्याचा सराव. बॅगेत जुने पडदे कोंबून दादा आईला कॉलनीभर फिरवायचा. पुढे बॅग ओढणारी आई, मागे घड्याळ बघत दादा. आठवडाभरात कॉलनीत बोभाटा झाला, की मुलगा म्हातारीला घराबाहेर काढतोय, पण ती रोज परत येते. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक समजूत घालायला घरी आले. "आईसारखं दैवत नाही," एवढं त्यांनी म्हटलं. दादाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि विमान दाटीवाटीचं असतं याची कल्पना यावी म्हणून आईच्या पुढे तासभर बसवून ठेवलं. ते पुन्हा आले नाहीत.

सर्वांत मोठी तालीम होती हरवण्याची. दादा आईला बाजारात घेऊन गेला आणि मुद्दाम हरवला. नियम असा होता: चुकामूक झाली की जागचं हलायचं नाही, जिथे आहोत तिथेच बसून राहायचं, दादा येऊन शोधेल. दादा खांबाआड लपून पाचएक मिनिटांनी बाहेर आला, तर आई नाही! त्याची पाचावर धारण बसली. शिट्ट्या फुंकत त्याने अख्खा बाजार पालथा घातला, फळवाल्यांना रांगेत उभं करून विचारलं. आई बस पकडून घरी आली होती आणि मटार सोलत बसली होती.

"हरवायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती म्हणाली. "घरचा रस्ता मला येतो."

दादाचा शर्ट घामाने चिंब झाला होता. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. "आई, नियम पाळ ग," एवढंच तो कसंबसं म्हणाला. "जागची हलू नकोस. मी येईन. पण हलू नकोस."

आईने मटार बाजूला ठेवले. "बरं," ती म्हणाली. "जागची हलायची नाही. पाठ झालं माझं."

आणि आई, दादा आणि मी एकदाचे गेलो. त्या शहरात पोचल्यावर दादाने आम्हा तिघांनाही चमकत्या पट्ट्यांची नारिंगी जाकिटं घातली. चाकांच्या खुर्चीत बसायला आई तयार नव्हती, म्हणून रिकामी खुर्ची मी ढकलत होते आणि आई शेजारून चालत होती. एका चौकात दोन गाड्या आईला बघून आपोआप थांबल्या. रस्त्याचं काम चालू आहे, अशी त्यांची समजूत झाली असावी.

शेवटच्या दिवशी दुपारी संग्रहालय झालं. लिफ्ट होती, कठडे होते, सगळं होतं. वरच्या मजल्यावर लोक चित्रांपुढे उभे होते आणि आई चित्रांकडे पाठ करून खिडकीत उभी होती. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. संग्रहालयाच्या बरोबर मागे कालवा होता. काठाने चिंचोळी, उंच घरं आणि त्यांना ह्या मोठ्या खिडक्या. एकीलाही पडदा नव्हता.

दादा त्या वेळी आणीबाणीचा दरवाजा नक्की उघडतो का ते तपासायला गेला होता. आईने माझ्याकडे बघितलं. मी चित्राकडे बघितलं. फार सुंदर चित्र असावं, मी बराच वेळ बघत होते.

दादा परत आला तेव्हा चाकांच्या खुर्चीत आईचं नारिंगी जाकीट होतं, नीट घडी घातलेलं. आई नव्हती.

पुढचं सांगत नाही. शिट्टी वाजली, पहारेकरी धावले, दादाने सगळे मजले आणि बायकांचं स्वच्छतागृहसुद्धा बाहेरून हाका मारून तपासलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवटी तो जिन्यात मटकन बसला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"चल," मी म्हटलं, "ती कुठे हरवली असेल ते मला माहीत आहे."

संध्याकाळ उतरत होती. कालव्याकाठी एका बाकावर आई मांडीवर हात ठेवून बसली होती. घराघरांत दिवे लागत होते.

"केवढा उशीर!" आई म्हणाली. "मी जागची हललेले नाही हं. तू सांगितलंस तशीच बसून आहे."

स्वतःच्याच नियमाला दादा काय बोलणार? तो धप्पकन बाकावर बसला. मी दुसऱ्या बाजूला बसले. आई हळू आवाजात सांगू लागली, की त्या खिडकीतला इस्त्री करणारा मघाशी एकटाच गात होता, आणि त्या वरच्या घरातल्या मुलीचा अभ्यास काही होत नाहीये.

इतक्यात समोरच्या घरात एक म्हातारा उठला. वरच्या फळीवर त्याला काहीतरी हवं होतं. त्याने खुर्ची ओढली आणि एक हात भिंतीला टेकून तिच्यावर चढू लागला. शेजारीच त्याची म्हातारी वाचत बसली होती. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा पुस्तकात घातली.

दादा ताडकन उभा राहिला. शिट्टी त्याच्या ओठांत गेली होती. आईने त्याचा हात धरला.

"थांब," ती म्हणाली.

म्हातारा चवड्यांवर उंच झाला, खुर्ची जराशी डुगडुगली. आईने डोळे मिटले नाहीत, पण दादाच्या हातावरची तिची बोटं पांढरी पडली होती. तिलाही बाबांचं ते स्टूल दिसत होतं हे मला तेव्हा कळलं. म्हाताऱ्याने एक डबा काढला, काखेत धरला आणि एकेक पाय टेकवत खाली आला. मग डबा उघडून म्हातारीपुढे धरला.

"उतरला बघ," आई म्हणाली.

दादाच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. तो खाली बसला आणि आईच्या खांद्याला डोकं लावून रडला, बाबा गेले तेव्हाही रडला नव्हता तसा. आई त्याला थोपटत राहिली आणि खिडक्या बघत राहिली. अंधार पडला तरी तिघांपैकी कोणी जागचं हललं नाही.